साडेतीन महिन्यांच्या बाळासाठी स्लिंग घ्यावी की बकलचा कॅरिअर? मुंबईचा उकाडा आणि लोकलचा प्रवास लक्षात घेऊन सल्ला हवा आहे

लालबागची आई (प्रश्न)

नमस्कार. आमची मुलगी साडेतीन महिन्यांची आहे. ती पूर्ण दिवसांची जन्मली असून तिचे वजन आता पावणेसहा किलो आहे. मान बऱ्यापैकी धरते, परंतु दमली किंवा झोपेला आली की डोके अजून एका बाजूला कलते. आम्ही लालबागला जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. इमारतीला लिफ्ट नाही, जिना अरुंद आहे, आणि खाली उतरल्यावर फेरीवाले, पदपथावर लावलेल्या दुचाकी आणि खणलेले रस्ते यांतून बाबागाडी नेणे जवळजवळ अशक्य होते. म्हणून बाळाला अंगाशी बांधून नेता येईल असे काहीतरी घ्यायचे आम्ही दोघांनी ठरवले आहे.

माझी २६ आठवड्यांची प्रसूती रजा संपली की मला कामावर रुजू व्हायचे आहे. कार्यालय अंधेरीला आहे. पन्नास किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करावी, या तरतुदीमुळे आमच्याकडे ती सोय झाली आहे, त्यामुळे बाळाला रोज सोबत नेता येईल. चिंचपोकळीहून दादर, दादरला गाडी बदलून अंधेरी, असा प्रवास असेल. गर्दीची वेळ टाळून थोडे उशिरा येण्याची परवानगी मिळेल अशी आशा आहे.

माझे सिझेरियन झाले आहे, त्यामुळे कमरेच्या पट्ट्याचा टाक्यांच्या जागी त्रास होईल का, ही एक शंका आहे. माझे पती माझ्यापेक्षा बरेच उंच आणि रुंद बांध्याचे आहेत आणि त्यांनाही बाळाला तसेच घ्यायचे आहे, तेव्हा एकच वस्तू दोघांना चालेल का? ते म्हणतात की बाळाला असे बांधून आम्ही तिघेही स्कूटरवरून दादरपर्यंत जाऊ शकू, म्हणजे एक गाडी वाचेल. मला ते पटत नाही, परंतु त्याला आधार काय हे सांगता येत नाही. सासूबाईंचे म्हणणे असे की पाय फाकवून बांधल्याने ते वाकडे होतील आणि मुलीला सतत अंगाची सवय लागेल. त्यांचा विरोध काळजीपोटी आहे, म्हणून त्यांना नीट उत्तर द्यावे अशी माझी इच्छा आहे. आणि शेवटचे म्हणजे उकाडा. मे महिन्यात दोघी घामाने भिजलेल्या असताना बाळ छातीशी बांधणे योग्य आहे का?

दादर पश्चिम (प्रतिसाद)

ताई, कोणत्या कंपनीचा घ्यावा हा विचार तूर्त बाजूला ठेवावा अशी माझी विनंती आहे. बाळाचे वय, त्याला एका वेळी किती काळ अंगावर घ्यायचे आहे आणि घेणाऱ्याचा बांधा, या तीन गोष्टी स्पष्ट झाल्या की बाजारातील बहुतेक प्रकार आपोआप गळून पडतात.

होजिअरीसारख्या ताणल्या जाणाऱ्या कापडाचा लांब रॅप पहिल्या दोन-तीन महिन्यांत फार सुखाचा असतो, परंतु त्याचे बाळाच्या अंगावर दोन-तीन पदर येतात आणि वजन वाढू लागले की कापड सैल पडून बाळ खाली सरकते. पावणेसहा किलोच्या मुलीसाठी, तेही आपल्या हवेत, मी तो सुचवणार नाही. न ताणणाऱ्या विणलेल्या कापडाचा रॅप कोणत्याही बांध्याला आणि कोणत्याही वयाला जुळवून घेतो. मात्र ते चार-पाच मीटर कापड बांधायला सराव लागतो, आणि फलाटावर उभे राहून ते बांधताना त्याची टोके जमिनीवर लोळतात. रोज प्रवास करणाऱ्या आईला ते झेपणे कठीण आहे.

रिंग स्लिंग हा प्रकार मला स्वतःला अतिशय आवडला. सुमारे दोन मीटर सुती कापड, त्याच्या एका टोकाला शिवलेल्या दोन कड्या, आणि दुसरे टोक त्या कड्यांतून ओवून हवे तितके घट्ट करायचे, इतकीच त्याची रचना. बाळावर एकच पदर येतो, क्षणात घालता-काढता येते, घडी करून पर्समध्ये मावते. जिना उतरणे, लसीकरणाला जाणे, संध्याकाळी किरकिर सुरू झाली की घरातल्या घरात फिरवणे, या कामांना त्याहून सोयीचे काही नाही. परंतु सगळा भार एका खांद्यावर येतो. त्यामुळे लांबच्या प्रवासात खांदा आणि मान भरून येतात, आणि मूल वाढेल तसा हा त्रासही वाढतो. कड्या घेताना त्या ॲल्युमिनियमच्या किंवा स्लिंगसाठीच बनवलेल्या नायलॉनच्या, कुठेही जोड नसलेल्या असाव्यात. पर्स आणि शोभेच्या वस्तूंसाठी मिळणाऱ्या कड्या लावून घरी स्लिंग शिवू नये, कारण ताण आल्यावर त्यांचा जोड उघडू शकतो.

मूळचा चीनमधील मेई ताई म्हणजे एक चौकोनी पाठीचे कापड आणि त्याला चार लांब पट्टे. बकल नसतात, गाठी मारायच्या असतात, म्हणून उंच-बुटक्या, जाड-बारीक कोणालाही तो तितकाच बसतो. बकलच्या मऊ कॅरिअरमध्ये हीच रचना कमरेचा रुंद पट्टा आणि खांद्यांना पॅडिंग देऊन केलेली असते. त्यात वजन खांद्यांवरून बरेचसे कमरेवर उतरते आणि हाच त्याचा खरा लाभ आहे.

तुमचा प्रवास पाहता मी बकलचा कॅरिअर घेण्याचा सल्ला देईन, मात्र तीन अटींवर. बाळ बसते त्या जागेची रुंदी कमी-जास्त करता आली पाहिजे. बाळाला पुढे लागणारे कापड एकपदरी आणि सुती किंवा लिननचे असावे. आणि कमरेचा व खांद्याचा पट्टा तुमच्या मापाला पुरेसा आवळला जाऊन यजमानांच्या मापालाही पुरेसा सैल व्हायला हवा. ही तिसरी अट दुकानात दोघांनी घालून पाहिल्याशिवाय कळत नाही. शक्य असल्यास रिंग स्लिंग जोडीला असावी, परंतु एकच काही घ्यायचे असेल तर कॅरिअर.

विकत घेण्याआधी ओळखीच्या कोणाचा तरी मागून वापरून पाहिलात तर उत्तम. फक्त वापरलेली वस्तू घेताना शिवण, बकल आणि कापडाची वीण उजेडात धरून तपासावी. तडा गेलेले बकल बदलता येत नसेल तर तो कॅरिअर कितीही चांगल्या नावाचा असला तरी घेऊ नये.

बालफिजिओ (प्रतिसाद)

मी लहान मुलांच्या फिजिओथेरपीचे काम करते. वरील प्रतिसादातील प्रकारांची माहिती योग्य आहे. मी सोयीच्या आधी येणाऱ्या गोष्टीबद्दल, म्हणजे श्वासाबद्दल, सविस्तर लिहिते.

या वयाच्या बाळाचे डोके शरीराच्या मानाने जड असते आणि मानेचे स्नायू अजून पूर्ण बळकट झालेले नसतात. हनुवटी छातीला टेकली की श्वासनलिका मुडपली जाते. ती मुळातच अरुंद असल्याने एवढ्यानेही श्वास अपुरा पडतो, आणि बाळ रडून किंवा धडपडून ते कळवू शकत नाही. दुसरा धोका म्हणजे नाकातोंडावर कापड किंवा आईचे अंग दाबले जाणे. पिशवीसारख्या खोल स्लिंगमध्ये, जिथे बाळ आडवे आणि वळून पडते, हे दोन्ही धोके एकत्र येतात. मार्च २०१० मध्ये अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने स्लिंगबाबत जाहीर इशारा दिला, तेव्हा मागील वीस वर्षांतील किमान १४ बालमृत्यूंची नोंद त्यांच्यासमोर होती आणि त्यांतील १२ बाळे चार महिन्यांपेक्षा लहान होती. तुमची मुलगी अजून त्याच वयोगटात आहे, म्हणून हे स्पष्टपणे लिहीत आहे. भीती घालणे हा हेतू नाही, कारण बाळ उभे आणि उंच बांधले तर हा धोका टाळता येतो.

ब्रिटनमधील स्लिंग-तज्ज्ञांनी यासाठी पाच कसोट्या सांगितल्या आहेत आणि मी पालकांना त्याच शिकवते. कापड इतके घट्ट असावे की तुम्ही किंचित पुढे वाकलात तरी बाळ तुमच्या अंगापासून सुटू नये. नुसती नजर खाली टाकली की बाळाचा चेहरा दिसावा. मान थोडी झुकवली की बाळाच्या डोक्याचा पापा घेता यावा, इतके ते वर असावे. हनुवटी आणि छाती यांच्यात किमान एका बोटाची जागा कायम मोकळी असावी. आणि पाठीला असा आधार असावा की हळूच तळवा टेकवून दाबले तरी बाळ आणखी मुडपून आत जाणार नाही. या पाचांतील घट्टपणाबद्दल आपल्याकडे सर्वाधिक संकोच दिसतो. बाळाला गुदमरेल म्हणून घरची मंडळी पट्टे सैल करायला लावतात, आणि सैल कापडातच बाळ घसरून मुडपते. घट्ट बांधलेल्या बाळाचा श्वास अधिक मोकळा राहतो, हे सासूबाईंना एकदा प्रत्यक्ष दाखवावे.

आता पायांबद्दल. सासूबाईंच्या शंकेला आदरपूर्वक उत्तर असे की मांड्या फाकलेल्या आणि गुडघे कुल्ल्यांपेक्षा किंचित वर, ही बेडकासारखी बैठक खुब्याच्या सांध्यासाठी हितकारक आहे. मांडीच्या हाडाचा गोल माथा या स्थितीत खुब्याच्या खोबणीत नीट बसतो, आणि पहिल्या काही महिन्यांत ती खोबणी अजून घडत असते. आंतरराष्ट्रीय हिप डिस्प्लेझिया (खुब्याच्या सांध्याची सदोष वाढ) संस्थाही कॅरिअरमध्ये हीच बैठक सुचवते. सासूबाईंनी स्वतः मुलांना कडेवर घेतले असेल तेव्हा पाय याच पद्धतीने कमरेभोवती असणार. खुब्याच्या दृष्टीने चिंतेची गोष्ट याच्या उलट आहे: पाय सरळ करून, एकमेकांना जुळवून दुपट्यात आवळून बांधणे. दुकानांत टांगलेले अरुंद पट्टीचे कॅरिअर, ज्यांत बाळ जांघेवर लटकते आणि पाय खाली लोंबतात, तेही याच कारणाने टाळावेत. तशा कॅरिअरमुळे प्रत्येक बाळाला इजा होते असे म्हणता येणार नाही, परंतु मांडीला गुडघ्यापर्यंत आधार देणारा पर्याय उपलब्ध असताना ते निवडण्याचे कारण नाही. तुमची मुलगी पायाळू असल्यास, किंवा घरात कोणाला खुब्याचा जन्मजात दोष असल्यास, बालरोगतज्ज्ञांकडून खुबा तपासून घ्यावा. हा दोष मुलींमध्ये अधिक आढळतो.

पायांचा बाक म्हणाल, तर तो जवळजवळ सर्वच बाळांत जन्मतः असतो आणि साधारण दीड ते दोन वर्षांच्या वयापर्यंत आपोआप कमी होतो. त्यानंतरही टिकणारा किंवा वाढत जाणारा बाक दिसला तर मुडदूस, म्हणजे ड जीवनसत्त्वाच्या कमतरतेमुळे होणारा हाडांचा आजार, आहे का हे तपासावे लागते. पहिल्या वर्षी रोज ४०० आंतरराष्ट्रीय एकक ड जीवनसत्त्वाचे थेंब देण्याची शिफारस भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना करते. ते सुरू आहेत ना, एवढे पाहावे. कॅरिअरचा त्याच्याशी संबंध नाही.

अंगाची सवय लागेल या भीतीबद्दलही एक अभ्यास उपयोगी पडेल. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, कॅनडातील माँट्रियल येथील चाचणीत काही मातांना बाळ रडत नसतानाही दिवसाला किमान तीन तास घेऊन फिरण्यास सांगितले होते. सहा आठवड्यांच्या वयात त्या बाळांचे रडणे व किरकिर इतर बाळांपेक्षा ४३ टक्के कमी होती, आणि संध्याकाळच्या वेळी ५१ टक्के कमी. पुढे १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या चाचणीत, आधीच अतिशय रडणाऱ्या बाळांवर हा उपाय करून पाहिला तेव्हा असा लाभ दिसला नाही. म्हणून याला रडण्यावरचे औषध मानू नये, पण घेतल्याने बाळ अधिक रडके होते या समजालाही आधार मिळत नाही.

बाळाचे तोंड आत, तुमच्या छातीकडेच ठेवावे. बाहेर तोंड करून बसवणे मान आणि धड पूर्ण सावरले जाईपर्यंत, म्हणजे साधारण पाच-सहा महिन्यांपर्यंत, टाळावे. त्यानंतरही ते थोडाच वेळ आणि बाळ जागे असतानाच करावे. पाठीवर घेणेही सहा महिन्यांच्या आसपास सुरू करता येते. चालताना बांधलेल्या अवस्थेत स्तनपान देऊ नये. कुठेतरी बसून, बाळ बाहेर काढून पाजावे, ढेकर काढावी आणि मग पुन्हा उंच बांधावे.

सिझेरियननंतर इतका काळ गेल्यावर बहुतेक स्त्रियांना पट्टा सोसतो, परंतु डॉक्टरांना एकदा विचारावे. पट्टा व्रणावर टेकत असेल तर तो थोडा वर, नाभीच्या आसपास बांधावा. तसे केल्याने बाळही वर जाते, तेव्हा चेहरा आणि हनुवटी पुन्हा तपासावी.

पालघरची आजी (प्रतिसाद)

आमच्या भागात शेतावर आणि भट्टीवर जाणाऱ्या बायका जुन्या लुगड्याची झोळी करून मुले पाठीला किंवा कुशीला बांधतात, आणि मी माझी मुले तशीच वाढवली. त्यामुळे नव्या वस्तूंवर एवढा खर्च कशाला असे मला वाटत असे. आता नातवासाठी सुनेने आणलेली स्लिंग पाहिल्यावर एक फरक लक्षात आला. आम्ही झोळी बांधायला लहानपणापासून थोरल्या बायकांकडून शिकत असू, आणि मूल पाठीवर असले तरी आजूबाजूच्या चारजणी त्याच्याकडे पाहत असत. शहरात एकटी आई असते. शिकवणारी आणि पाहणारी कोणी जवळ नसेल तर जिचे माप ठरलेले आहे अशी वस्तू घेणेच चांगले.

लुगड्याबद्दल मात्र एक सांगते. मऊ झालेले जुने सुती कापड बाळाच्या अंगाला सुखाचे लागते, पण विरलेले असते. उजेडात धरल्यावर वीण विरळ दिसली तर ते दुपट्यासाठी ठेवावे, बाळाचा भार त्याच्यावर टाकू नये. सिंथेटिक साडीची गाठ सरकते, ती तर मुळीच वापरू नये. आणि तुमच्या सासूबाईंना बाळ बांधताना शेजारी उभे करा. पट्टा ओढायला, पाठ सावरायला त्यांचा हात लागला की त्यांची भीती जाईल आणि तुम्हालाही आधार होईल.

लालबागची आई

आपणा सर्वांचे मनापासून आभार. आजींचा सल्ला मी कालच अमलात आणला. शेजारणीचा बकलचा कॅरिअर मागून आणला होता, तो बांधताना सासूबाईंनी मागचे बकल लावून दिले आणि गुडघे नीट वर आहेत का हे त्यांनीच पाहिले. मुलगी पायाळू नव्हती, आणि ड जीवनसत्त्वाचे थेंब नियमित सुरू आहेत. त्या कॅरिअरमध्ये ती थोड्याच वेळात झोपली, परंतु आमच्या दोघींमध्ये घामाने झबले पूर्ण ओले झाले. घरी पंख्याखाली ही स्थिती असेल तर फलाटावर काय होईल, ही चिंता आहे. लोकल आणि स्कूटर यांबद्दलही कोणी अनुभवाने सांगू शकेल का?

ठाणे ते अंधेरी (प्रतिसाद)

मी मुलाला घेऊन रोज प्रवास केला आहे, आधी लोकलने घाटकोपरपर्यंत आणि तिथून मेट्रोने. त्या आधारावर लिहितो.

स्कूटरचा विचार पूर्णपणे सोडून द्यावा. १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमानुसार चार वर्षांखालील मुलाला दुचाकीवर नेताना त्याच्यासाठीच बनवलेला सुरक्षा हार्नेस (मुलाला चालकाशी जोडणारे पट्टे) हवा, नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला स्वतःच्या मापाचे हेल्मेट हवे आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत हवा. बाळाचा कॅरिअर म्हणजे तो हार्नेस नव्हे. साडेतीन महिन्यांच्या बाळाच्या डोक्याला बसेल असे हेल्मेटही नसते आणि त्याची मान ते पेलणारही नाही. शिवाय धडक बसली तर बांधलेले बाळ चालवणारा आणि मागे बसलेला यांच्यामध्ये चिरडले जाते. यजमानांना नियम सांगण्यापेक्षा हे शेवटचे कारण सांगावे, ते कोणत्याही बापाला पटेल. मोटारीतही हाच विचार लागू होतो: कॅरिअर हा कारसीटला पर्याय नाही.

लोकलबाबत माझे मत असे की कॅरिअरमुळे हात मोकळे होतात, गर्दी मात्र कमी होत नाही. चहूबाजूंनी रेटा आला तर छातीवरच्या बाळाला कापड वाचवू शकत नाही. तेव्हा वेळेची सवलत हा तुमच्या बेतातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे आणि ती लेखी मिळवावी. एखादी गाडी भरून आली तर ती सोडून द्यावी. दादरच्या पुलावर दोन्ही गाड्यांची माणसे एकाच वेळी उतरतात, त्यामुळे लोंढा ओसरेपर्यंत फलाटावर खांबाच्या आडोशाला थांबण्याची सवय लावून घ्यावी. जिन्यावर आणि सरकत्या जिन्यावर एक हात कठड्याला असावा. समोर बाळ असताना स्वतःची पावले दिसत नाहीत, विशेषतः उतरताना, म्हणून घरचा जिनाही सुरुवातीला कोणी पुढे असताना उतरावा. सामान पाठीवरच्या सॅकमध्ये घ्यावे. एका खांद्यावरची जड पर्स कॅरिअरचा पट्टा सरकवते आणि बाळ तिरके होते. डब्यात चढताना एक हात बाळाच्या डोक्यामागे धरला की धक्का आपल्या हाताला बसतो. जागा मागायला संकोच करू नये. महिलांच्या डब्यात बाळ पाहिल्यावर बहुतेक वेळा कोणीतरी उठते, पण बसल्यावर बाळाची पाठ मुडपते, हनुवटी खाली येते. म्हणून बसल्या क्षणी पुन्हा एकदा वर उचलून नीट करावे.

उकाड्याबद्दल. आपल्या हवेत आर्द्रता इतकी असते की घाम येतो पण वाळत नाही, त्यामुळे तुमचे झबले ओले झाले यात नवल नाही. ओलेपणा गैरसोयीचा आहे आणि त्याने घामोळे येते, पण खरी काळजी अंग तापण्याची करावी. कॅरिअरचे कापड हा बाळाच्या कपड्यांचा एक पूर्ण थर समजून आत फक्त पातळ सुती झबले आणि लंगोट ठेवावा. टोपडे, मोजे आणि वरून पांघरूण घालू नये, कारण बाळाच्या अंगातली उष्णता बरीचशी डोक्यावाटे बाहेर पडते. दोघींच्या मध्ये मलमलचा रुमाल घालावा आणि ओला झाला की बदलावा, मात्र तो छातीच्या खालीच राहील, चेहऱ्याकडे सरकणार नाही, हे पाहावे. हातपाय थंड-गरम असण्यावरून अंदाज करू नये, बाळाची मान आणि पाठ चाचपून पाहावी. ती तापलेली असेल, चेहरा लाल असेल, श्वास भराभर चालला असेल किंवा बाळ सुस्त वाटत असेल, तर लगेच बाहेर काढून सावलीत, वाऱ्याला न्यावे आणि पाजावे. ऊन आहे म्हणून वरचे पाणी देण्याची गरज नसते. सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधातच पुरेसे पाणी असते. जाळीच्या कापडाचे कॅरिअर मिळतात. त्यांतून वारा चांगला जातो, पण कमरेचा जाड फोम घामाने भिजून दिवसभर ओला राहतो. पातळ सुती कापडाचा कॅरिअर मला त्याहून सोयीचा वाटला, कारण तो रात्री धुतला की पंख्याखाली सकाळपर्यंत बराच वाळत असे. पावसाळ्यात हे जमत नाही, तेव्हा बदलीला एक रिंग स्लिंग असणे उपयोगी पडते.

उन्हापासून वाचवण्यासाठी ओढणी बाळाच्या तोंडावरून घेण्याची आपल्याकडे सवय आहे. ती सोडावी. छत्री घ्यावी. पावसातही मोठा रेनकोट दोघांवरून चढवून बाळाला आत झाकू नये.

लालबागची आई

स्कूटरचा विषय घरात संपला आहे. यजमानांनी हा प्रतिसाद स्वतः वाचला आणि टॅक्सीचे पर्याय पाहायला लागले आहेत. आता एकच विचारायचे आहे: रुजू होईपर्यंतच्या काळात सराव कसा करावा, आणि रोज एकूण किती वेळ तिला असे ठेवणे योग्य?

बालफिजिओ

बाळाचे पोट भरलेले आणि मन प्रसन्न असताना, पलंगाच्या कडेशी उभे राहून, घरात थोडा थोडा वेळ बांधून पाहावे. बांधल्यावर लगेच चालायला लागावे, कारण स्थिर उभे राहिल्यास मुले कुरकुरतात. मग जिना, मग गल्लीतली फेरी, मग रविवारी दुपारी रिकाम्या गाडीने दादरपर्यंत जाऊन परत, असे हळूहळू वाढवावे. कॅरिअर अंगावर असताना गॅसजवळ जाऊ नये आणि गरम चहाचा कप हातात घेऊ नये.

वेळेचा ठरलेला आकडा नाही. अंधेरीपर्यंतच्या प्रवासाइतका वेळ ती सुखाने राहील, फक्त दादरला गाडी बदलताना तिला मोकळे करून हातपाय हलवू देता आले तर द्यावेत. कार्यालयात पोहोचल्यावर लगेच बाहेर काढून सपाट जागी निजवावे, आणि दिवसभरात जागी असताना, कोणीतरी समोर बसलेले असताना, पोटावर पालथे ठेवून मान उचलण्याचा सराव होऊ द्यावा. तिला सर्दी झाली असेल, नाक चोंदले असेल किंवा ताप असेल, त्या दिवशी कॅरिअर वापरण्याआधी तुमच्या बालरोगतज्ज्ञांना फोन करावा. कॅरिअर विकत आणल्यावर बांधलेल्या स्थितीतील समोरून आणि बाजूने काढलेले छायाचित्र तुमच्या जवळच्या एखाद्या फिजिओथेरपिस्टला दाखवावे. गुडघे आणि हनुवटी यांची जागा त्यावरून लगेच कळते.